मधे हात कोणाचा लागला

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावामागे एक गल्ली आहे. संध्याकाळी आठला पाच-दहा मिनिटं कमी असताना त्या गल्लीत शिरलं, तर एका दारापुढे चपलांचा ढीग दिसतो. परक्या माणसाला वाटावं, घरात काही कार्यक्रम आहे. कार्यक्रमच असतो म्हणा. आत सिंधूताई मेश्राम टीव्हीसमोर बसलेल्या असतात, आणि जमलेली मंडळी टीव्हीकडे कमी आणि सिंधूताईंकडे जास्त बघत असतात.

आठ वाजता ‘ठाणे क्रमांक सात’ लागतं. पोलिसांची मालिका आहे. खून, चोरी, अपहरण, काय म्हणाल ते. साहेब देखणा, गाडी नवी, आणि गुन्हेगार शनिवारपर्यंत हमखास सापडणारा. पण गल्लीला त्या गुन्हेगाराशी देणंघेणं नाही. गल्ली वाट बघते ती सिंधूताईंच्या उजव्या हाताची. तो हात मांडीवर असतो तोवर सगळं ठीक चाललेलं असतं. तो वर आला आणि तर्जनी उभी राहिली, की मालिकावाल्यांची चूक सापडली म्हणून समजायचं.

“गोळी कोणत्या हाताले लागली होती?” सिंधूताई विचारतात.

“डाव्या,” शेजारची बायजाबाई सांगते.

“मंग पट्टी कुठं आहे?”

पट्टी उजव्या हाताला असते. मधे फक्त साबणाची जाहिरात झालेली असते.

मालिकेची बाजू घ्यायला कवडूजी असतात. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते, आणि कोणी एकटं पडलं की त्याच्या बाजूनं बोलायचं हा त्यांचा स्वभाव. “अवं ताई,” ते म्हणतात, “एक हात दुखला का माणूस दुसराही बांधून घेते. आधाराले.”

“हो गा. तुह्या गाडीचं डावं टायर पंचर झालं का तू उजवं काढत होता ना.”

मालिका म्हणे विदर्भात घडते. एकदा साहेब भिवापूरच्या मिरचीच्या शेतात आरोपीमागे धावला, तर शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ओळीनं नारळाची झाडं. त्या दिवशी सिंधूताईंना हात वर करायचीही गरज पडली नाही, सगळ्या खोलीनंच केला. पण बाकी चुका अशा सोप्या नसतात. साहेबाची जीप एमएच एकतीस नंबरची निघते आणि पोचते तेव्हा एमएच चौदा होते. ठाण्यातलं घड्याळ वर्षभर दहा वाजून दहा मिनिटंच दाखवतं. खुनाला अजून ‘तीनशे दोन’ म्हणतात, तेव्हा सिंधूताई शांतपणे सांगतात, “कायदा बदलला. आता एकशे तीन झालं. मी रिटायर झाली तरी मले मालूम आहे, याईले नाही.” साहेब सूर्य बुडाल्यावर बाईला अटक करायला जातो, सोबत बाई शिपाई नाही, कोणाची परवानगी नाही. जप्तीला पंच म्हणून साहेबाचाच भाऊ सही करतो, पंच बाहेरचा लागतो हे कोणाला माहीत नाही. आरोपी साहेबासमोर रडत गुन्हा कबूल करतो आणि सगळे एकमेकांना पेढे भरवतात.

“पेढे काहून खाऊन राहिले?” सिंधूताई म्हणतात. “पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. उद्या वकील याले सोडवते आणि हे बसते पेढ्याचा डबा पाहत.”

आणि एक चूक अशी आहे की ती झाली की त्या बोलतच नाहीत, नुसता जीभ टाळ्याला लावून आवाज करतात. रक्ताचा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत भरला, की तो आवाज येतो. ओलं रक्त प्लास्टिकमध्ये कोंडलं की सडतं. ते कापड सावलीत वाळवायचं, कागदात गुंडाळायचं, मग सील. हे गल्लीतल्या पोरीबाळींनाही आता पाठ आहे.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, ही बाई नुसती खोड काढणारी. तसं नाही. एका भागात एका म्हाताऱ्या हवालदारानं लाखेचं सील लावताना पितळी ठसा आधी ओल्या फडक्यावर टेकवला आणि मग लाखेवर दाबला. म्हणजे लाख ठशाला चिकटत नाही. सिंधूताईंनी त्याला टाळ्या वाजवल्या. “हा माणूस कोणातरी खऱ्या मोहररापाशी बसून आला,” त्या म्हणाल्या, आणि दोन दिवस त्या नटाचंच कौतुक करत होत्या.

मोहरर म्हणजे काय, हे सांगायला पाहिजे. पोलिसांनी जप्त केलेली वस्तू, म्हणजे मुद्देमाल, ज्या खोलीत ठेवतात तो मालखाना. त्याची किल्ली ज्याच्या कमरेला, तो मुद्देमाल मोहरर. सिंधूताई ही नोकरी सत्तावीस वर्षं करत होत्या.

एक्याऐंशी साली त्या पोलिसात भरती झाल्या तेव्हा ठाण्यात बाई म्हणजे त्या एकट्या. साहेबाला प्रश्न पडला, हिला लावावं कुठे. बंदोबस्ताला पाठवावं तर लोक बघत राहतात, डायरीवर बसवावं तर हवालदार नाराज. म्हणून त्यांना मागच्या अंधाऱ्या खोलीत धाडलं. साहेबाला वाटलं, आठ दिवसांत रडत येईल. खोलीत उंदीर, मोहाच्या दारूची पिंपं, गंजलेल्या सायकली, कुऱ्हाडी, आणि कोणाच्या तरी खुनातली धोतरं. चिठ्ठ्या उंदरांनी खाल्लेल्या. कोणती कुऱ्हाड कोणत्या खुनातली हे सांगणारा माणूस खापरखेड्याला बदलून गेलेला.

सिंधूताईंनी पहिल्या दिवशी खोली झाडली. दुसऱ्या दिवशी मांजर आणलं. तिसऱ्या दिवसापासून वस्तूला चिठ्ठी बांधायला सुरुवात केली आणि मग चिठ्ठी बांधायची त्यांची एक गाठ तयार झाली. सुताचे दोन वेढे, दुसरा वेढा पहिल्याच्या पोटातून, आणि टोकं आत दाबलेली. ती गाठ ओढून सुटत नाही. नखानं उकलावी लागते, आणि उकलायला त्यांना स्वतःलाही चार मिनिटं लागतात. साहेब गेले, नवे आले, आठ-दहा साहेब बदलले. प्रत्येक नव्या साहेबाला जुना साहेब सांगून जायचा, मालखान्याची काळजी करू नका.

एकदा मोसमाच्या तोंडावर भिवापुरी मिरचीची आठ पोती चोरीत पकडली. मालखान्यात आणली तशी सगळं ठाणं शिंकायला लागलं. लॉकअपमधला चोरही हात जोडून म्हणाला, बाई, मले जेलात पाठवा. सात पोती कोर्टाच्या हुकमानं विकली गेली, एक नमुना म्हणून राहिलं. दीड वर्षानं खटला उभा राहिला तेव्हा ते पोतं तोललं, तर वजन पार उतरलेलं. चोराचा वकील खुशीत आला.

“बाई, बाकीची मिरची कुठे गेली? पोलीस लाइनीतल्या वरणात?”

सिंधूताई म्हणाल्या, “साहेब, चिठ्ठी वाचा.”

चिठ्ठीवर जप्तीच्या दिवशीचं त्यांचं अक्षर होतं: ‘मिरची लाल, ओली. बोटाने दाबली असता पाणी सुटते.’ ओली मिरची वाळली की वजन उतरणारच, हे नागपुरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वकील काही बोलणार तेवढ्यात न्यायाधीशांना शिंका सुरू झाल्या, आणि त्या थांबल्या तेव्हा वकिलाचा मुद्दा कुठल्याकुठे गेला होता.

तर अशी ही बाई. नवरा देवराव मिलमध्ये होते, ते वारून सात वर्षं झाली. मुलगा अश्विन पुण्यात नोकरीला, सून प्रज्ञा, नात दीक्षा अकरावीत. सिंधूताई सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. देवराव आणि त्यांनी मिळून बांधलेलं घर, मागे लिंबाचं झाड, पुढे चपला.

आणि हेच घर गेल्या डिसेंबरात त्यांच्या हातून सुटायची वेळ आली.

झालं असं, की एका संध्याकाळी दुधाचं पातेलं गॅसवर राहिलं आणि इकडे मालिकेत साहेबाची मिशी एका प्रसंगात दाट तर दुसऱ्यात विरळ निघाली. मिशीच्या नादात दूध जळलं, पातेलं जळलं, धूर मागच्या खिडकीतून निघाला. बायजाबाईनं धावत जाऊन गॅस बंद केला. ती घाबरली, आणि घाबरलेलं माणूस करतं तेच तिनं केलं: अश्विनला फोन केला.

त्यावर आठ दिवसांत महानगरपालिकेचा माणूस आला. घर देवरावांच्या नावावरून सिंधूताईंच्या नावावर चढवायचं होतं, त्याला घराची रजिस्ट्री बघायची होती. सिंधूताईंनी कपाटातून हिरव्या फडक्यातलं गाठोडं काढलं. पेन्शनचा कागद होता, देवरावांचा मृत्यूचा दाखला होता, रजिस्ट्री नव्हती. कपाट उपसलं, पेटी उपसली, गादीखाली पाहिलं. नाहीच.

त्या रात्री त्यांनी भाजी केली नाही. कोणाची चेन, कोणाची सायकल, कोणाचा सुरा, सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या वस्तू सांभाळल्या, एक चिठ्ठी हरवली नाही. आणि स्वतःच्या घराचा कागद हरवला. रोज सकाळी उठून त्या स्वतःला एकच प्रश्न विचारायच्या: कुठं ठेवला वं म्या? उत्तर येईना. आणि उत्तर येईना तसं त्यांना वाटायला लागलं, पोरगा म्हणतो ते खरं असेल.

पोरगा म्हणत होता, आई, आता एकटी राहू नकोस. जानेवारीत शुक्रवारी अश्विन दीक्षाला घेऊन आला. येतानाच रविवारची पुण्याची तीन तिकिटं काढून आला. दोन परतीची, आईचं एक नुसतं जायचं. शुक्रवारीच आईला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं पाच शब्द सांगितले, थोडा वेळ इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाला, आता ते पाच शब्द सांगा. सिंधूताईंना तीन आठवले.

“तुम्ही लिहून ठेवले होते का ते?” त्यांनी विचारलं.

“मी? नाही, मला पाठ आहेत.”

“मंग माह्याकडून दोन राहिले का तुमच्याकडून दोन जास्त झाले, पुरावा काय?”

डॉक्टर हसला. म्हणाला, वयाच्या मानानं ठीक आहे, पण लक्ष ठेवा. अश्विनच्या कानात ‘लक्ष ठेवा’ तेवढंच राहिलं. घर बंद करायचं, उन्हाळ्यात गिऱ्हाईक बघायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं. पोरगा वाईट नाही. आईच्या खोलीत धूर भरलाय, हे त्याला पुण्यात झोपेत दिसायचं. सिंधूताईंनी भांडण केलं नाही. दोन लुगडी, बाबासाहेबांची तसबीर आणि चष्म्याची जुनी डबी बॅगेत भरली. त्यांनी भांडण केलं नाही, याचंच बायजाबाईला जास्त वाईट वाटलं.

शनिवारी आठ वाजता मंडळी जमली ती निरोपालाच. बायजाबाईनं हुरडा भाजून आणला होता. ती सिंधूताईंच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “आज काही बोलू नको वं. पोरगा बसला आहे.” अश्विन कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला. दीक्षा आजीच्या पायाशी.

मालिकेत खटला उभा होता. साहेबानं कापडातून चाकू काढून न्यायाधीशापुढे धरला, खुनातला चाकू. कॅमेरा मुठीवर गेला.

सिंधूताईंचा हात मांडीवरून उठला. तर्जनी अर्धी उभी राहिली. आणि तशीच परत मिटून हात मांडीवर गेला.

या खोलीत असं कधी झालं नव्हतं. कवडूजींनी मान वळवली, बायजाबाईनं पदर तोंडाला लावला. सिंधूताई टीव्हीकडे बघत होत्या, पण मनात दुसरंच चाललं होतं. हा तो चाकू नाही, हे त्यांना दिसलं होतं. आणि लगेच वाटलं होतं, खरंच दिसलं का? रजिस्ट्री कपाटात आहे हेही दिसतच होतं की. आता बोललो आणि चूक निघाली, तर पोराच्या हाती आपणच पुरावा देऊ.

“आजी, काय?” दीक्षानं विचारलं.

“काही नाही वं.”

“बोट वर केलं होतं तू.”

“खाज सुटली होती.”

“आजी.”

सिंधूताईंनी तिच्याकडे बघितलं. पोरगी पुण्यात वाढलेली, पण नजर मेश्रामांची. मग त्या म्हणाल्या, “चाकू बदलला. जप्त झाला तवा मुठीले दोन पितळी खिळे होते. एक काळा पडला होता. याले तीन आहेत.”

अश्विननं लॅपटॉपवरून मान वर केली. “आई, तोच चाकू आहे. त्यांच्याकडे एकच असणार ना. जप्ती कधी दाखवली होती?”

“मंगळवारचे अकरा दिवस झाले.”

“अकरा दिवसांपूर्वीच्या चाकूचे खिळे,” अश्विन म्हणाला, आणि पुन्हा लॅपटॉपकडे वळला. पुढचं खोलीला न सांगताच ऐकू गेलं.

दीक्षानं मोबाइल काढला. जुने भाग त्यात सापडतात. तिनं मंगळवारचा भाग लावला, पुढे ढकलला, मागे ओढला, आणि एका जागी थांबवला. सगळ्यांची डोकी त्या छोट्या पडद्यावर एकत्र आली.

“दोन,” बायजाबाई म्हणाली.

“एक काळा,” दीक्षा म्हणाली. मग तिनं आजचा भाग काढला. “तीन.”

कवडूजींनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. “मधात एक ठोकून घेतला असन,” ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

अश्विनलाही हसू आलं. पण तो शहाणा माणूस, चाकूनं विरघळणारा नव्हे. पुण्याची भाषा बोलत होता, ती हळूहळू गळत चालली होती. “आई, मालिकेचं तुले आठवते. रोज पाहते तू ते. घरातलं आठवत नाही, तिथंच तर सारं अडलं आहे ना. तू मले रजिस्ट्री कुठं आहे ते सांग, मी आत्ता तुह्यं तिकीट कॅन्सल करतो.”

हे तो सहज बोलला. पण आता घर राहतं की जातं ते एका कागदावर येऊन टेकलं होतं. टीव्ही चालूच होता, त्याकडे कोणी बघत नव्हतं.

सिंधूताईंच्या डोळ्यांपुढे अजून तो चाकू होता. दोन खिळ्यांचे तीन झाले. ठाण्यात असं झालं असतं तर त्यांनी काय केलं असतं? चाकू कुठे ठेवला होता, हे स्वतःला विचारत बसल्या असत्या का? छे. मालखान्याचा पहिला प्रश्न तो नाहीच. नव्या शिपायालाही त्या पहिल्या दिवशी हेच शिकवायच्या: वस्तू बदलली, हरवली, उतरली, तर आधी एवढंच विचार की माझ्यानंतर, मधे, हात कोणाचा लागला. आणि गेले वीस दिवस त्या स्वतःला काय विचारत होत्या? कुठं ठेवला वं म्या. आरोपीसारख्या. तपास सुरू व्हायच्या आधीच गुन्हा कबूल करून बसल्या होत्या.

त्या उठल्या. कपाट उघडून हिरवं फडकं आणलं, खाली बसल्या, आणि फडक्याचे दोन पदर घेऊन गाठ बांधली. हातांना विचारावं लागलं नाही. दोन वेढे, पोटातून, टोकं आत.

“कवडू, ओढ गा हे.”

कवडूजींनी ओढलं. एसटीचं स्टिअरिंग फिरवलेले हात, पण गाठ हलली नाही. अश्विननं ओढलं, तरी नाही.

“महानगरपालिकेचा माणूस दारात उभा होता,” सिंधूताई म्हणाल्या. “मी घाईत होती. फडकं काढलं, टोक ओढलं, आणि गाठ सुटली. एका ओढीत. तवा माह्या ध्यानात नाही आलं. आता येऊन राहिलं.”

“म्हणजे काय, आजी?”

“म्हणजे ती गाठ माही नव्हती वं. माह्यानंतर कोणं तरी फडकं सोडलं आणि आपल्या हातानं बांधलं.”

बायजाबाई लगेच म्हणाली, “मले काहून पाहून राहिली? म्या तुह्यं कपाट कधी उघडलं?”

“तुले नाही पाहून राहिली. दारात पाहून राहिली. दीक्षा, तुह्या बापाचे बूट आण.”

अश्विनचे बूट चपलांच्या ढिगाशेजारी होते, लेस न सोडता टाचेनं काढलेले. दीक्षानं ते आजीपुढे ठेवले. लेसला फुलाची गाठ होती, पण साधी नाही. फुलाचे दोन्ही कान एकमेकांत पुन्हा एकदा अडकवलेले.

“दुसरीत होता,” सिंधूताई सांगायला लागल्या, “तवा लेस सुटून शाळेच्या पायरीवर पडला. समोरचा दात गेला. मंग म्याच याले ही गाठ शिकवली. पडणाऱ्या पोरासाठी होती, म्हणून सोपी. चालताना सुटत नाही, पन टोक ओढलं का एका दमात सुटते. हा सुतळीलेही हीच बांधते, पिशवीलेही हीच बांधते.” त्यांनी मुलाकडे पाहिलं. आवाज ठाण्यातला होता, पण कडक नव्हता. “दसऱ्याले आला होतास. दीक्षाभूमीवरून घरी आलो, जेवलो. मंग तू काय केलं?”

“मी झोपलो.”

“त्याच्या आधी.”

“त्याच्या आधी काही नाही. ते आपले कागद कॉम्प्युटरवर—”

अश्विन थांबला. खोलीतल्या प्रत्येकाला त्याच्या चेहऱ्यावर तो दसऱ्याचा दिवस परत येताना दिसला. कागद स्कॅन करून ठेवायचे होते. गल्लीतलं दुकान सणाचं बंद. म्हणून आईची गाठ नखानं कशीबशी उकलून रजिस्ट्री तेवढी लॅपटॉपच्या बॅगेत टाकली, ऑफिसात करू म्हणून. आई तेव्हा भांडी घासत होती. तिला सांगायचं राहून गेलं.

त्यानं पुण्याला फोन लावला. स्पीकरचं बटण चुकून दाबलं गेलं, की मुद्दाम दाबलं, ते त्यालाच माहीत.

“ते होय?” प्रज्ञाचा आवाज आला. “दीक्षाच्या दाखल्यांच्या फाइलीत आहे की. तुम्हीच ठेवलं ना. मी विचारलं होतं, हे काय आहे, तर म्हणालात राहू दे, सोमवारी नेतो. किती सोमवार झाले.”

बायजाबाईनं हुरड्याचा घास तोंडात टाकला आणि निवांत चावत म्हणाली, “सिंधूताई, उद्या याले ने वं त्या डॉक्टरकडे. पाच शब्द सांग म्हणा याले.”

मग खोलीत जे हसू फुटलं ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. अश्विन कानापर्यंत लाल झाला. एकट्या सिंधूताई हसल्या नाहीत. त्यांनी बूट उचलून मुलापुढे ठेवले, एखादी वस्तू परत करावी तसे. “हसू नका,” त्या म्हणाल्या. “त्याले नोकरी आहे, पोरगी आहे, हजार कामं आहेत. मले एक मालखाना होता.”

अश्विन आईजवळ येऊन बसला. वीस दिवस हिनं स्वतःला काय काय म्हणून घेतलं असेल, ते त्याच्या लक्षात यायला लागलं होतं. त्यानं मोबाइल काढला आणि तिचं तिकीट तिच्यासमोर रद्द केलं. मग बारीक आवाजात म्हणाला, “पन आई, दुधाचं?”

सिंधूताईंनी मान खाली घातली. “दूध माह्या हातानं जळलं. ते मी कबूल करते.”

“पोलिसासमोरचा कबुलीजबाब चालत नाही, ताई,” कवडूजी म्हणाले.

“कोण पोलीस? मी तर रिटायर आहो.”

पण त्यांनी दुधावर पांघरूण घातलं नाही. रविवारी अश्विनची गाडी सुटायच्या आधी त्यांनी पुठ्ठ्याची एक चिठ्ठी कापली, सुतात ओवली आणि गॅसच्या बटणाला अडकवली. नियम असा की गॅस बंद केल्याशिवाय चिठ्ठी निघत नाही, आणि चिठ्ठी टीव्हीशेजारच्या खिळ्याला टांगल्याशिवाय टीव्ही लावायचा नाही. आठ वाजता पहिलं येणाऱ्यानं खिळा बघायचा. बायजाबाई बघते, आणि खिळा रिकामा दिसला तर चुलीपर्यंत बोंबलत जाते. आतापर्यंत दोनदा रिकामा दिसला. दोन्ही वेळा गॅस बंदच होता, चिठ्ठी तेवढी चुलीपाशी राहिली होती. सिंधूताईंनी ते दोन्ही दिवस भिंतीवर खडूनं लिहून ठेवले आहेत.

पंधरा दिवसांनी पुण्याहून पाकीट आलं. आठला वीस मिनिटं होती, मंडळी जमत होती. खाकी कागद, त्यावर सूत, आणि सुताला अश्विनची दोन कानांची गाठ नव्हती. दोन वेढे होते, दुसरा पहिल्याच्या पोटातून. फोनवर दीक्षानं आजीला विचारून विचारून बापाला शिकवली होती. गाठीवर लाल मेणाचा गोळा आणि त्यावर नाण्याचा ठसा.

“कैची आणू?” बायजाबाईनं विचारलं.

“कैची कशाले?”

सिंधूताईंनी चष्मा लावला आणि नखानं गाठ उकलायला घेतली. चार मिनिटं लागली नाहीत, सात लागली. कोणी घाई केली नाही. आत रजिस्ट्री होती, देवरावांची सही होती, खालच्या कोपऱ्यात हळदीचा जुना डाग होता. तो डाग त्यांनी बोटानं चाचपला. तोच कागद होता.

मग त्या पाकिटाला बांधलेल्या चिठ्ठीकडे वळल्या. दीक्षाच्या टपोऱ्या अक्षरात वस्तूचं वर्णन, पानांची संख्या, तारीख, सगळं नीट. खाली दोन पंचांच्या सह्या: दीक्षा मेश्राम, प्रज्ञा मेश्राम.

सिंधूताईंचा उजवा हात मांडीवरून वर आला. तर्जनी उभी राहिली.

“कवडू, पुण्याले फोन लाव,” त्या म्हणाल्या. “पंच घरचेच घेतले याईनं.”